नागरी महामार्गांचे आच्छादन

शहराच्या दाट वस्तीतून जाणाऱ्या जलदगती रस्त्यावर छत घालून त्याचा काही भाग बंदिस्त करण्याची आणि छतावर निर्माण होणारी जागा उद्यान, इमारती किंवा स्थानिक रस्ते यांसाठी वापरण्याची स्थापत्य अभियांत्रिकीतील योजना. महामार्ग आधीपासूनच आसपासच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवरून, म्हणजे खोल चरातून जात असल्यास चराच्या दोन्ही काठांवर व मधल्या दुभाजकावर आधार घेऊन तुळया टाकतात आणि त्यांवर काँक्रीटचे छत घालतात. रस्ता जमिनीच्या पातळीवर किंवा उन्नत असल्यास तो आधी खाली न्यावा लागतो. डोंगर वा नदी ओलांडण्यासाठी खोदलेला बोगदा आणि आच्छादित महामार्ग यांच्या रचनेत फारसा फरक नसतो. फरक उद्देशात असतो. बोगदा वाहनासाठी वाट काढून देतो, तर आच्छादन वाहनांपासून शहराला दूर ठेवण्यासाठी घालतात. आवाज कमी करणे, रस्त्याने दुभंगलेली वस्ती जोडणे, जमीन उपलब्ध करणे आणि हवा सुधारणे ही त्याची चार उद्दिष्टे सांगितली जातात. यांपैकी पहिली तीन बहुधा साध्य होतात. चौथ्याबाबत मात्र पुष्कळ गैरसमज आहेत, कारण छताने धूर नाहीसा होत नाही. तो कोठे बाहेर पडावा एवढेच ठरते.

इतिहास : मोटारगाड्यांसाठी खास राखलेले रुंद रस्ते थेट शहरांच्या मध्यभागी नेण्याचे धोरण दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर अंमलात आले. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने सु. ६६,००० किमी. लांबीच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे मंजूर केले आणि त्याच्या खर्चाचा ९०% भार केंद्र शासनाने उचलला. शहरांना रस्ता जवळजवळ फुकट मिळत असल्याने तो वस्तीतून नेण्यास फारसा अडसर राहिला नाही. तत्पूर्वीच न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन हाइट्स या सधन वस्तीने आपल्या घरांमधून जाऊ घातलेल्या ब्रुकलिन-क्वीन्स मार्गास विरोध केला होता. परिणामी तो मार्ग टेकडीच्या कडेला एकावर एक अशा मजल्यांवर बसविण्यात आला आणि सर्वांत वरच्या छतावर १९५० मध्ये पादचाऱ्यांसाठी सज्जा खुला झाला. बंदराचे दृश्य पाहण्यासाठी तेथे आजही लोक जमतात. त्यांच्या पायांखालून वाहने जातात. ज्या वस्त्यांच्या शब्दाला असे वजन नव्हते, त्यांच्या वाट्याला छत आले नाही.

सिअ‍ॅटल शहरात आंतरराज्य मार्ग क्र. ५ वर उभारलेले फ्रीवे पार्क ४ जुलै १९७६ रोजी खुले झाले. लॉरेन्स हॅलप्रिन यांच्या कार्यालयाने त्याचा आराखडा केला व त्यात अँजेला डानाजिएव्हा यांचा प्रमुख वाटा होता. रस्त्यावरील छतावर उद्यान उभारण्याच्या नंतरच्या योजनांना हेच उदाहरण आदर्श ठरले. उद्यानात काँक्रीटच्या कड्यांवरून कोसळणारे पाणी खेळविले होते, ते केवळ शोभेसाठी नव्हे. पाण्याच्या आवाजाने खालच्या वाहनांचा आवाज लपावा हा त्यामागील हेतू होता. धुरासाठी असा उपाय नसतो.

रस्त्याकडेची हवा : पेट्रोल व डीझेल यांच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे, न जळालेली हायड्रोकार्बने आणि काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. ब्रेकच्या गाद्या, टायर व रस्त्याचा पृष्ठभाग यांच्या झिजेतून आणि चाकांनी उडविलेल्या धुळीतून आणखी कणांची भर पडते. यांपैकी २·५ मायक्रॉनपेक्षा कमी व्यासाचे कण फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. ०·१ मायक्रॉनहून लहान अशा अतिसूक्ष्म कणांचे वजन नगण्य, पण संख्या प्रचंड असते.

या प्रदूषकांचे प्रमाण रस्त्यापासूनच्या अंतराबरोबर वेगाने घटते. लॉस अँजेल्समधील दोन महामार्गांलगत मोजमापे करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले की, वाऱ्याच्या दिशेने सु. ३०० मी. अंतरावर अतिसूक्ष्म कणांची संख्या रस्त्याच्या वरवाऱ्याकडील पातळीइतकी उतरते. ही मोजमापे दिवसाची होत. पहाटेपूर्वी जमिनीलगतची हवा थंड व वरची उष्ण असते, वारा मंद असतो आणि धूर वर न जाता पसरत राहतो. अशा वेळी त्याचा माग १ किमी.पेक्षाही दूरपर्यंत लागतो. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१० मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मी. हा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित होणारा मानला आणि मुलांमधील दम्याचा जोर वाढण्याशी रस्त्यालगतच्या धुराचा कार्यकारण संबंध असल्याचा पुरावा पुरेसा असल्याचे नमूद केले. कॅलिफोर्निया राज्याने तर २००३ मध्येच, काही अपवाद वगळता, महामार्गापासून सु. १५० मी.च्या आत नव्या शाळा बांधण्यास कायद्याने मनाई केली होती.

आच्छादनाचा परिणाम : छत घातल्याने दर वाहनामागे बाहेर पडणारा धूर कमी होत नाही. छताखालील सर्व धूर एकतर दोन्ही टोकांच्या मुखांतून किंवा मुद्दाम उभारलेल्या धुराड्यातून बाहेर येतो. रस्त्याच्या संपूर्ण लांबीवर रेषेसारखा पसरलेला उगम या योजनेने दोन-तीन ठिकाणी एकवटतो. एका साध्या हिशेबावरून हे स्पष्ट होईल. रोज १ लाख वाहने जाणाऱ्या रस्त्याचा १ किमी. भाग आच्छादिला आणि प्रत्येक वाहन दर किमी.ला ०·५ ग्रॅ. नायट्रोजनाची ऑक्साइडे सोडते असे मानू. उघड्या रस्त्यावर दर मीटरला दिवसाकाठी ५० ग्रॅ. वायू सुटत होता. छताखाली ५० किग्रॅ. वायू साचतो आणि येण्याचा व जाण्याचा मार्ग वेगळ्या नळीतून असल्यास प्रत्येक नळीच्या निर्गममुखातून त्यातील २५ किग्रॅ. बाहेर पडतो. मुखापासून पहिल्या १०० मी.मध्ये तो मिसळतो असे धरल्यास तेथे दर मीटरला २५० ग्रॅ.ची भर पडते. त्या उघड्या तुकड्याचे स्वतःचे ५० ग्रॅ. मिळवले, तर एकूण ३०० ग्रॅ., म्हणजे पूर्वीच्या सहापट होतात. मधल्या १ किमी. पट्ट्यातील घरांना जो लाभ होतो, त्याची किंमत मुखाजवळच्या घरांना मोजावी लागते. मुखे मोकळ्या मैदानात, रेल्वेच्या यार्डात किंवा पाण्याच्या काठी उघडत असतील, तर हा व्यवहार शहराच्या फायद्याचा ठरतो. ती शाळेसमोर किंवा चाळींच्या रांगेसमोर उघडत असतील, तर एकाच्या दारचा धूर दुसऱ्याच्या दारी नेण्यापलीकडे काही साधत नाही.

हवा कोणत्या मुखातून बाहेर पडते हे वाहनांच्या गतीवर अवलंबून असते. एकाच दिशेने धावणारी वाहने नळीतील हवा दट्ट्याप्रमाणे पुढे ढकलतात आणि ती निर्गममुखातून झोताच्या रूपाने बाहेर येते. वाहतूक खोळंबली की हा दट्ट्या थांबतो. नेमक्या त्याच वेळी छताखाली वाहनांची गर्दी असते आणि दर किमी.मागील धूर सर्वाधिक असतो. रस्ता खाली नेलेला असल्यास निर्गमाकडे चढ असतो. चढावर एंजिनाला जोर लावावा लागतो व मुखाजवळच उत्सर्जन वाढते. आराखड्यावर ही बाब किरकोळ दिसते, परंतु अवजड मालमोटारींची वर्दळ असलेल्या मार्गावर तिचा परिणाम मोठा होतो.

नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे वर्तन काहीसे वेगळे आहे. एंजिनातून ती मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडाच्या रूपात सुटतात. हवेतील ओझोनाशी विक्रिया होऊन त्यापासून अधिक अपायकारक असा नायट्रोजन डाय-ऑक्साइड बनतो. छताखाली ओझोनाचा साठा लवकर संपतो, म्हणून तेथील बराचसा नायट्रिक ऑक्साइड तसाच राहतो व मुखाबाहेर ताज्या हवेशी गाठ पडताच त्याचे रूपांतर होऊ लागते. यामुळे मुखाजवळ नायट्रिक ऑक्साइड ज्या प्रमाणात वाढतो, त्या प्रमाणात डाय-ऑक्साइड वाढत नाही. मात्र तो अधिक दूरवर वाढलेला आढळू शकतो. काही डीझेल वाहनांतील उत्प्रेरकी साधने काजळी व कार्बन मोनॉक्साइड घटवितात, पण बाहेर पडणाऱ्या धुरातील नायट्रोजन डाय-ऑक्साइडाचा अंश वाढवितात. त्यामुळे केवळ कार्बन मोनॉक्साइड मोजून बंदिस्त रस्त्याची हवा चांगली आहे असे म्हणण्याची जुनी पद्धत आता पुरेशी मानली जात नाही.

वायुवीजन : आखूड आच्छादनात नैसर्गिक वारा व वाहनांचा दट्ट्या यांवर भागते. लांबी वाढली की यांत्रिक वायुवीजन अपरिहार्य होते. ही गोष्ट अनुभवाने कळली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील सु. १·८ किमी. लांबीचा लिबर्टी बोगदा जानेवारी १९२४ मध्ये यांत्रिक वायुवीजनाविना वाहतुकीस खुला केला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रामचालकांच्या संपामुळे मोटारींची झुंबड उडाली, बोगद्यात वाहतूक तुंबली आणि कार्बन मोनॉक्साइडाने अनेकजण बेशुद्ध पडले. तेव्हा न्यूयॉर्क येथे हडसन नदीखालील हॉलंड बोगद्याचे काम चालू होते. त्यासाठी किती विषारी वायू मनुष्य सहन करू शकेल याचे प्रयोग येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन यांनी केले. दहा हजार भागांत चार भाग कार्बन मोनॉक्साइड ही मर्यादा त्यांवरून ठरविण्यात आली. आजच्या दृष्टीने ती फारच सैल होय. ओले सिंगस्टॅड यांनी आखलेल्या रचनेत रस्त्याखालील पोकळीतून ताजी हवा आत सोडतात आणि छतावरील पोकळीतून दूषित हवा ओढून घेतात. चार इमारतींत बसविलेले ८४ पंखे दर दीड मिनिटाला बोगद्यातील सर्व हवा बदलू शकतात. नोव्हेंबर १९२७ मध्ये सुरू झालेल्या या बोगद्याच्या पद्धतीला आडवे वायुवीजन म्हणतात.

आडव्या वायुवीजनात प्रत्येक ठिकाणची दूषित हवा तेथल्या तेथे काढली जाते, परंतु वरखाली दोन पोकळ्या ठेवाव्या लागल्याने खर्च फार होतो. उभ्या, म्हणजे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने चालणाऱ्या वायुवीजनात छताला टांगलेले झोतपंखे हवा एका टोकाकडून दुसरीकडे लोटतात. ही रचना स्वस्त असल्याने अलीकडील बहुतेक आच्छादनांत तीच वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन अभियंता मार्को साक्कार्दो यांनी रेल्वे बोगद्यांसाठी योजलेल्या पद्धतीत मुखाशी बसविलेल्या नळ्यांतून वेगवान झोत तिरपा आत सोडतात. झोतपंखे असोत वा साक्कार्दो नळ्या, सर्व धूर अखेर एका टोकाला जमा होतो. आग लागल्यास धूर एका बाजूला रोखून धरणे हेही याच यंत्रणेचे काम आहे. माँ ब्लां बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी लागलेल्या आगीत ३९ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर यूरोपात या बाजूकडे अधिक कसोशीने लक्ष दिले जाऊ लागले.

टोकाशी जमलेली हवा मुखातून सोडण्याऐवजी उंच धुराड्यातून वेगाने वर फेकली, तर ती जमिनीवर येईतो पुष्कळ विरल होते. या तत्त्वाबद्दल तज्ञांत मतभेद नाही. वाद धुराडे कोठे उभारावे यावरून होतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचा सु. ४ किमी. लांबीचा एम ५ ईस्ट बोगदा डिसेंबर २००१ मध्ये सुरू झाला. मुखांतून धूर सोडू नये या अटीमुळे तेथील दूषित हवा भुयारी मार्गाने ओढून टरेला येथील एकाच धुराड्यातून सोडण्यात येऊ लागली. ते धुराडे दरीत असल्याने आसपासच्या उंचवट्यावरील रहिवाशांनी दीर्घकाळ तक्रारी केल्या. दुसरीकडे बोगद्यातील हवाच इतकी धुरकट होई की, समोरचे अंधुक दिसे. पुढे पश्चिम टोकाला स्थिर-विद्युत् अवक्षेपक व नायट्रोजन डाय-ऑक्साइड शोषणारी यंत्रणा यांची चाचणी घेतली गेली. त्यांतून मिळणारा लाभ अपेक्षेपेक्षा कमी आणि खर्चाच्या मानाने अल्प असल्याचा निष्कर्ष निघाला.

स्थिर-विद्युत् अवक्षेपकात कणांना विद्युत् भार देऊन ते धातूच्या पट्ट्यांवर ओढून घेतात. जपानमधील त्सुरुगा बोगद्यात १९७९ मध्ये असा अवक्षेपक बसविण्यात आला. त्याचा मूळ उद्देश आरोग्यरक्षण नसून काजळी काढून दृश्यता वाढविणे हा होता. नॉर्वे व स्पेन येथेही अशी यंत्रणा आहे. तथापि अवक्षेपक वायूंना अटकाव करीत नाही. सक्रियित कार्बन नायट्रोजन डाय-ऑक्साइड शोषतो, नायट्रिक ऑक्साइड मात्र त्यातून बव्हंशी निसटतो. पंखे व गाळण्या यांना लागणारी वीज औष्णिक केंद्रातून येत असेल, तर तिचाही धूर कोठेतरी निघतोच.

छताखाली व छतावर : बंदिस्त मार्गातील हवेत प्रदूषकांचे प्रमाण बाहेरच्या कित्येक पट असते. मोटारीच्या काचा बंद करून आतील हवाच फिरती ठेवल्यास प्रवाशाला बराच बचाव मिळतो, मात्र लांब प्रवासात आतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. दुचाकीस्वाराला हा बचाव नाही. म्हणून ज्या देशांत दुचाकी वाहनांची संख्या मोठी आहे, तेथे यूरोपीय आच्छादनांचे मापदंड जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

छत पूर्ण न घालता मध्ये मोकळ्या फटी ठेवल्यास पंख्यांचा खर्च वाचतो, पण त्या फटींतून धूर थेट वर येतो. न्यूयॉर्क येथे मॅनहॅटन बेट ओलांडणाऱ्या बारा मार्गिकांच्या खोलगट महामार्गावर १९६०–७० या दशकाच्या पूर्वार्धात बत्तीस मजल्यांच्या चार इमारती उभारण्यात आल्या. रस्त्यावरील अवकाशाचे हक्क विकून घरांसाठी जागा मिळविण्याची ही कल्पना त्या काळी मोठी प्रगतीची वाटली. इमारतींखालचा रस्ता झाकलेला असला, तरी दोन इमारतींमधील भाग उघडा राहिला आणि तेथून आवाज व धूर भिंतींलगत वर चढू लागला. शेल्डन कोएन, डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील मुलांची पाहणी केली होती. खालच्या मजल्यांवर दीर्घकाळ राहिलेल्या मुलांना सारख्या उच्चारांचे शब्द वेगळे ओळखणे अधिक कठीण जात होते व त्यांची वाचनक्षमताही वरच्या मजल्यांवरील मुलांपेक्षा कमी होती. हा अभ्यास आवाजाचा होता, धुराचा नव्हे. परंतु अपुऱ्या आच्छादनावर वस्ती उभारण्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात हे त्यावरून कळते.

छतावरील उद्यानातील झाडे हवा शुद्ध करतील ही अपेक्षा फारशी खरी ठरत नाही. पाने काही कण पकडतात, परंतु महामार्गाच्या उत्सर्जनाच्या मानाने हा अंश अगदी थोडा असतो. शिवाय ओल्या मातीचा भार छतावर येत असल्याने मातीचा थर मर्यादित ठेवावा लागतो व मोठे वृक्ष तुळयांच्या किंवा खांबांच्या माथ्यावरच लावता येतात. उद्यानाचा खरा उपयोग सावली, खेळ व चालणे यांसाठी होतो. म्हणूनच मुखाच्या अगदी काठापर्यंत मुलांची खेळाची जागा आखणे अयोग्य समजावे.

अलीकडील योजना : बॉस्टन शहरातील १९५९ चा उन्नत महामार्ग काढून तो सु. २·४ किमी. लांबीच्या भूमिगत मार्गात नेण्याचे बांधकाम १९९१ मध्ये सुरू झाले व २००७ पर्यंत चालले. खर्च सु. १,५०० कोटी डॉलरांच्या घरात गेला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर २००८ मध्ये उद्यानमालिका खुली झाली. या प्रकल्पाच्या एका जोडबोगद्यात दूषित हवेसाठी पोकळी ठेवण्याकरिता टांगलेली काँक्रीटची जड फळी जुलै २००६ मध्ये कोसळून एका प्रवासी स्त्रीचा मृत्यू झाला. फळ्या धरून ठेवणाऱ्या खिळ्यांभोवतीचा चिकट पदार्थ दीर्घकालीन भाराखाली सरकत गेल्याचे चौकशीत आढळले. माद्रिदमध्ये २००४ ते २००७ या काळात मांसानारेस नदीकाठचा एम ३० हा वर्तुळमार्ग जमिनीखाली नेण्यात आला आणि २०११ मध्ये नदीकाठचे उद्यान पूर्ण झाले. तेथील बोगद्यांना गाळणयंत्रणा जोडली आहे. नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट येथे डिसेंबर २०१६ मध्ये सु. २·३ किमी. लांबीचा दुमजली बोगदा सुरू झाला. वरच्या मजल्यावरून स्थानिक व खालच्यावरून दूरची वाहने जातात, आणि पूर्वीच्या महामार्गाच्या जागी झाडांच्या रांगा असलेला पादचारी पट्टा आहे.

हँबर्ग येथे ए ७ महामार्गावर तीन ठिकाणी छत घालण्याचे ठरले : श्नेल्झेन (सु. ५६० मी.), श्टेलिंगेन (सु. ८९० मी.) व आल्टोना (सु. २,२३० मी.). पहिली दोन पूर्ण झाली आहेत. या योजनेचा मूळ हेतू ध्वनिनियंत्रण हा आहे. शहरातील नागरिकांच्या छोट्या भाडेबागा छतावर हलवून त्यांची मूळ जमीन घरबांधणीसाठी विकावयाची व त्यातून खर्चाचा काही भाग भागवावयाचा, अशी तिची आर्थिक बाजू आहे. त्याचबरोबर महामार्गाच्या मार्गिकाही वाढविण्यात आल्या. आच्छादन व रुंदीकरण यांची अशी सांगड अनेक ठिकाणी आढळते आणि हवेच्या दृष्टीने ती तपासून पाहण्यासारखी असते. रुंद रस्त्याकडे अधिक वाहने ओढली गेली, तर आच्छादित भागालगतची हवा सुधारूनही शहरातील एकूण उत्सर्जन वाढू शकते. याच्या उलट सोल येथे चंगग्येचन प्रवाहावरील उन्नत महामार्ग २००३ ते २००५ या काळात पाडून टाकला व ५·८ किमी. लांबीचा प्रवाह उघडा केला. तेथे आच्छादनाचाच प्रश्न उरला नाही.

सामाजिक बाजू : न्यूयॉर्कमधील क्रॉस ब्राँक्स महामार्ग रॉबर्ट मोझेस यांच्या पुढाकाराने १९४८ पासून बांधण्यात आला. त्यासाठी एकट्या ईस्ट ट्रेमाँट भागातील सु. १,५०० कुटुंबांना घरे सोडावी लागली. आज त्याच्या दोन्ही बाजूंना प्रामुख्याने अल्प उत्पन्नाची कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वस्ती आहे आणि ब्राँक्समधील दम्याचे प्रमाण शहरात सर्वाधिक गणले जाते. मार्गाच्या खोलगट भागांवर छत घालून उद्याने करण्याचा विचार अनेक वर्षे मांडला जात आहे. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचा आरोग्यविषयक जमाखर्च मांडून तो खर्च समर्थनीय ठरतो असा निष्कर्ष काढला. परंतु हा लाभ केवळ स्वच्छ हवेचा नव्हे. अपघातांतील घट व वाढती शारीरिक हालचाल हेही त्यात धरलेले आहेत. मार्गाच्या ज्या भागांवर छत घालता येत नाही, तेथील रहिवाशांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. डेन्व्हर येथे १९६४ चा उन्नत मार्ग पाडून त्या जागी खोल चरातून नेलेल्या आंतरराज्य मार्ग क्र. ७० वर सु. १·६ हेक्टर छत घालण्यात आले व स्वॉन्सी प्राथमिक शाळेलगतचे हे उद्यान २०२२ मध्ये पूर्ण झाले. याच प्रकल्पात महामार्ग रुंद केल्याने स्थानिक रहिवाशांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला होता.

भारत : भारतीय शहरांत महामार्ग झाकण्यापेक्षा तो खांबांवर उचलण्याकडे कल राहिला आहे. उन्नत मार्ग हाही खालच्या रस्त्यावरचे एक प्रकारचे छतच असते, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही. मुंबईतील महंमद अली मार्गावर २००२ मध्ये सुरू झालेला जे. जे. उड्डाणपूल दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींच्या अरुंद घळीतून जातो. अशा ठिकाणी खालच्या वाहनांचा धूर वर निघून जाण्यास अडथळा होतो आणि वरच्या वाहनांचा धूर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांसमोर सुटतो. बंदिस्त मार्गाचे सर्व दोष येथे असतात, पंखे व धुराडे मात्र नसतात.

मुंबईच्या किनारी मार्गावर प्रियदर्शिनी उद्यान ते गिरगाव चौपाटी परिसर यांदरम्यान सु. २ किमी. लांबीचे दोन बोगदे ‘मावळा’ या यंत्राने खोदण्यात आले व २०२४ मध्ये ते वाहतुकीस खुले झाले. त्यांत साक्कार्दो पद्धतीचे वायुवीजन आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांना या मार्गावर मनाई आहे. ठाणे व बोरिवली, गोरेगाव व मुलुंड, तसेच ऑरेंज गेट व मरीन ड्राइव्ह यांना जोडणाऱ्या बोगद्यांची कामेही हाती घेण्यात आली आहेत. त्यांची मुखे दाट वस्तीत किंवा वनक्षेत्राच्या कडेला उघडणार असल्याने वर वर्णन केलेले मुखाजवळच्या हवेचे प्रश्न येथेही उपस्थित होतात. देशातील २००९ च्या मानकांनुसार २·५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी दर घ. मी.ला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. मुळातच कणांचे प्रमाण जास्त असलेल्या शहरात पंख्यांनी आत घेतलेली ‘ताजी’ हवाही त्या अर्थाने ताजी नसते, आणि वायुवीजनाच्या हिशेबात हा आरंभीचा भार धरावा लागतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांचे प्रमाण वाढेल तसा नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचा भार घटेल, परंतु ही वाहने वजनाने जड असतात. ब्रेक लावताना त्यांतील चलित्रच गती रोखते, म्हणून ब्रेकच्या गाद्या कमी झिजतात. टायरांची झीज व रस्त्यावरची उडणारी धूळ मात्र कायम राहते, आणि बंदिस्त मार्गात रोजच्या ओल्या झाडलोटीने ती काढावी लागते.